सात नंबरचा कठडा

वसंतातल्या व्याख्यानमालेची ती संध्याकाळ. फलकावर विषय होता ‘कादंबरीतली हद्दपारी : दुःख आणि समृद्धी’. वक्त्यांनी उभं राहताच त्यातल्या ‘आणि’वर बोट ठेवलं. दुःख एका पारड्यात, त्यातून मिळालेलं धन दुसऱ्या पारड्यात, असं तोलून पाहायची आपल्याला सवय आहे, ते म्हणाले. कादंबरीत मात्र दोन्ही एकाच कृतीत सापडतात. घर सुटलेला लेखक घराची चौकशी करत राहतो. घरात राहणाऱ्याला ती करावीच लागत नाही.

नाबोकोव्हचा प्रवास श्रोत्यांना ठाऊक असेलच, असं म्हणत त्यांनी तो झटपट संपवला : १९१९मध्ये क्रिमिया सुटला, मग केंब्रिज, बर्लिन, पॅरिस, १९४०मध्ये अमेरिका. ॲना सेगर्सच्या ‘ट्रान्झिट’पाशी ते थोडे रेंगाळले. नाझींपासून पळालेली माणसं मार्सेयमध्ये व्हिसाच्या रांगा लावतात आणि तिथे राहू द्या म्हणायचं, तर आपण इथून जाणार आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं. सेगर्स स्वतः १९४१मध्ये त्याच बंदरातून निघाली होती.

मग जॉइस आला आणि वेळेचं भान सुटलं.

१९०४च्या ऑक्टोबरात, बाविसाव्या वर्षी, जॉइसने नोरा बार्नेकलबरोबर डब्लिन सोडलं. “त्याला कुणी हाकललं नव्हतं, मग हद्दपारी कसली?” पुढच्या रांगेतून प्रश्न आला. वक्त्यांचा आवाज चढला. १९१२मध्ये डब्लिनच्या मुद्रकाने त्याच्या कथांची छापलेली पानं नष्ट केली. त्यानंतर तो त्या शहरात कधीच परतला नाही. दार कोणी लावलं याचा निवाडा राहू द्या, बाहेर कोण उभा राहिला ते बघा! त्रिएस्तमधल्या शिकवण्या, उसनवारी, पुढे डोळ्यांचं दुखणं. ‘युलिसिस’ त्रिएस्त, झ्युरिक आणि पॅरिस या शहरांत लिहिली गेली. तिच्यातलं शहर मात्र एकच आणि ती सुरू होते तो दिवसही एकच, १६ जून १९०४. पत्ते आणि दुकानं त्याने थॉमच्या डिरेक्टरीतून घेतली. जे डिरेक्टरीत नव्हतं, ते मामीला विचारलं.

नोव्हेंबर १९२१. पुस्तक यायला तीन महिनेच उरले होते. पॅरिसहून त्याने डब्लिनच्या जोसेफिनमामीला लिहिलं : एक्लिस स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या घराचा कठडा साध्या माणसाला ओलांडता येईल का? लोंबकळून खालच्या खोलगट अंगणात उडी मारली, तर इजा होणार नाही ना? सभागृहात हशा पिकला. तो ओसरेपर्यंत वक्ते थांबले. ही उडी जॉइसच्या माहितीतली होती, त्यांनी सांगितलं. त्या घरात पूर्वी त्याचा मित्र राहत असे आणि किल्ली विसरल्यावर तो असाच आत शिरला होता. पण मित्र अंगाने कसलेला. ‘युलिसिस’मध्ये त्या घरात राहणारा ब्लूम बेताच्या ताकदीचा, जाहिराती मिळवून पोट भरणारा माणूस. त्याला झेपेल का, एवढीच काळजी. डब्लिनमध्ये राहणारा लेखक संध्याकाळी फिरत जाऊन कठडा बघून आला असता. जॉइसला पत्र लिहून उत्तराची वाट बघावी लागली. ती वाट बघणं हेच त्याचं दुःख, आणि तो कठडा आज जगभरच्या वाचकांच्या ओळखीचा झाला तोही त्यामुळेच.

संयोजकांची चिठ्ठी टेबलावर आली. तेवढ्यात मागून एका वृद्ध बाईंनी विचारलं, “आणि ज्यांना हे सोसलंच नाही, त्यांचं काय? त्स्वाइगचं?”

सभागृह गप्प झालं. १९४२मध्ये ब्राझीलमध्ये पत्नीसह जीवन संपवलेल्या हद्दपार लेखक त्स्वाइगबद्दल वक्त्यांनी कुठलाही युक्तिवाद केला नाही. त्यांनी नाबोकोव्हचा प्निन आठवला : अमेरिकन कॉलेजात रशियन शिकवणारा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला. बुखेनवाल्डच्या छळछावणीत मारल्या गेलेल्या मीराला, तरुणपणीच्या प्रेयसीला, आठवायचं नाही, हे त्याने स्वतःला शिकवलेलं असतं. आठवलं तर जगणंच अशक्य होईल. काही घरांची चौकशी करणंही झेपत नाही, ते हलक्या आवाजात म्हणाले.

दुसरी चिठ्ठी आली. मराठी कादंबरीवरचा भाग राहूनच गेला. शेवटच्या दोन मिनिटांत ते पुन्हा एक्लिस स्ट्रीटवर गेले. मध्यरात्र उलटलेली, किल्ली दुसऱ्या विजारीच्या खिशात राहिलेली, स्वतःच्याच घराबाहेर ब्लूम. तो कठडा चढतो, पलीकडे लोंबकळतो. त्याची उंची पाच फूट साडेनऊ इंच, पाय जमिनीपासून दोन फूट दहा इंचांवर. मग तो हात सोडतो.