चालकाचा पूर्ववृत्तान्त आणि त्याची भाकरी



शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या दाखल्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. तो भरताना आम्हां शिक्षकांची लेखणी क्षणभर थबकते; कारण तेथील एका शब्दाचा शेरा पुढल्या शाळेत मुलाच्या आधी बोलू लागतो. अमेरिकेतील मालट्रक चालकांच्या आयुष्यात असाच एक कागद फार मोठे काम करतो. आपले तरुण आज परदेशी नाना व्यवसायांत शिरू पाहत आहेत. म्हणून त्याची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तेथील चालक ह्या कागदास ‘डॅक रिपोर्ट’ म्हणतात. तो हायरराइट ह्या नावाने पुरविला जातो. चालकाने कोठे किती काळ काम केले, ते का सोडले, अपघात झाले काय, गाडी वाटेत टाकून दिली काय, आणि त्यास पुन्हा कामावर घ्यावे काय, अशा गोष्टी पूर्वीचे मालक त्यात कळवितात.

ही चौकशीच अन्यायाची आहे असे मात्र कोणी समजू नये. तेथील राजमार्गांवर भरलेला ट्रक ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टन वजनाचा असतो. तो कोणाच्या हाती द्यावयाचा हे पाहिलेच पाहिजे. म्हणूनच नव्या मालकाने चालकाच्या मागील ३ वर्षांच्या सुरक्षिततेची चौकशी करावी, असा तेथील सरकारी नियम आहे.

परंतु शेरा लिहिणारा हात रागाचा किंवा निष्काळजी असला तर काय होते? समजा, ब्रेक नादुरुस्त म्हणून एखाद्याने गाडी पुढे नेण्यास नकार दिला. अशा चालकास शिक्षा करू नये, असे १९८२ च्या कायद्याने ठरविले आहे. तरीही कागदावर ‘गाडी टाकून गेला’ एवढेच उमटले, तर नवा मालक तेवढेच वाचतो. चालक दारोदार अर्ज करीत राहतो, आणि घरी चूल थंड पडते.

ह्यावर उपाय आहेत. १९७० च्या पत-अहवालविषयक कायद्यान्वये चालकास आपला अहवाल मागविता येतो; १२ महिन्यांतून एकदा तो विनामूल्य मिळतो. चुकीच्या नोंदीस हरकत घेतल्यास साधारणतः ३० दिवसांत तिची तपासणी करावी लागते, आणि जी खरी ठरत नाही ती काढून टाकावी लागते. पूर्वीच्या मालकाने दिलेली सुरक्षिततेची माहिती पाहण्याचा, तिची दुरुस्ती मागण्याचा व तिला आपले उत्तर जोडण्याचा हक्कही चालकास आहे. सरकारने २०१० साली सुरू केलेल्या निराळ्या नोंदीत ५ वर्षांचे अपघात व ३ वर्षांच्या रस्त्यावरील तपासण्या असतात. तीही चालकाने पाहून ठेवावी. हे कायदे केवळ पुस्तकातले नाहीत. अहवालांच्या अचूकतेविषयी व इतर बाबींविषयी सरकारी आयोगाने केलेल्या तक्रारीच्या तडजोडीत हायरराइट सोल्यूशन्स कंपनीस २०१२ साली २६ लक्ष डॉलर दंड भरावा लागला.

तेव्हा ह्या व्यवसायात जाणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे असे की, अर्ज करण्यापूर्वी आपला अहवाल स्वतः वाचावा. नोकरी सोडताना गाडी कोठे व कोणाच्या स्वाधीन केली ह्याची पावती घ्यावी. नादुरुस्तीची तक्रार लेखी करून तिची प्रत जपावी. हरकतही लेखीच घ्यावी. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते.

आपल्या ज्ञातीत केवळ चाकरमानेच नाहीत, मालक व मुकादमही आहेत. त्यांस विनंती की, नोकरास दाखला देताना जे घडले तेच लिहावे. दोष झाकून दिलेली शिफारस दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, आणि रागाने ओढलेली एक रेघ एका कुटुंबाचे अन्न तोडते. ह्या दोहोंचे भान राखणे हाच खरा ज्ञातिधर्म होय.