गोठ्याचं छप्पर

मागच्या भाषणात मी कोंड्याविषयी बोललो, तेव्हा घरातूनच ताकीद मिळाली, 'आता तरी दुसरं काही काढा.' म्हणून आज आतड्यातले जंतू घेतले आहेत. कोंडा येईलच, पण ओघाने.

मोठ्या आतड्याला आतून श्लेष्माचं बुळबुळीत अस्तर असतं. पोट बिघडून आव पडते तेव्हा तेच दिसतं. एरवी त्याची आठवण कुणाला येते? हे अस्तर दुपदरी. भिंतीलगतचा पदर घट्ट, जंतूंना तिथे सहसा शिरकाव नाही. वरचा सैल, आणि वस्ती तिथे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या आतड्यात हे दाखवून दिलं.

आता गवताने शाकारलेला गोठा डोळ्यांपुढे आणा. जंतू ही गुरं, अस्तर हे छप्पर. छप्पर गवताचं, म्हणजे खाण्याजोगंच! या श्लेष्माच्या मुख्य प्रथिनावर साखरेच्या इतक्या साखळ्या, की वजनात जवळजवळ ८० टक्के त्याच. पण त्या सहजी हाती लागत नाहीत. टोकांना सल्फेटच्या, सियालिक आम्लाच्या गाठी मारलेल्या. या गाठी सोडणारी विकरं ज्यांनी कमावली, ते जंतू छपराशी टिकले. काहींना नुसती सुटून पडलेली साखर वेचता येते, तेही निभावून नेतात.

बॅक्टेरॉइडीस थीटायोटाओमायक्रॉन म्हणून एक आहे. नाव सोडून द्या, वागणं बघा. वरून धान्याचा, भाजीचा चोथा आला की तो चोथा खातो. चोथा संपला की जनुकांचा दुसरा संच चालू करतो आणि तोंड वर करून छप्पर ओढू लागतो. अ‍ॅकरमॅन्सिया या जंतूचं वेगळंच. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये त्याचं बारसं झालं. तो मुख्यतः छपरावरच जगतो, आणि तरी निरोगी माणसांत सर्रास सापडतो. कारण आपल्या पेशी शाकारणी थांबवत नाहीत. जुनं गवत तो खातो, खालून नवं येतं. गव्हाणीत वैरण, म्हणजे चोथा, असेतो हिशेब जमतो.

वैरण! मुद्दा एवढाच आहे, म्हणून पुन्हा सांगतो. वैरण संपली की सगळी गुरं छपरावर. २०१६ मधला एक प्रयोग: उंदरांच्या पोटात माणसाचे १४ जातींचे जंतू सोडले आणि खाण्यातला चोथा काढून टाकला. अस्तर झिजलं. मग रोगाचा जंतू दिला, तो थेट भिंतीला भिडला. एक दिवसाआड चोथा दिला तरी अस्तर पातळच. रविवारी काकडी-गाजर खाऊन आठवडाभर मैदा खाणाऱ्यांनी ऐकावं. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे मला मान्य. तुम्ही तेवढ्यावर सुटू नका.

'आम्ही दही खातो की!' खा ना. पण दही खाणं म्हणजे गोठ्यात आणखी दोन गुरं आणून बांधणं. त्यांना घालणार काय? वैरण तर तुम्ही चाळून केरात टाकली. सालं काढली, डाळीची टरफलं काढली, भाकरी तर घरातूनच काढली.

आणखी एक सांगायचं होतं. बॅक्टेरॉइडीस फ्रॅजिलिस नावाचा जंतू आतड्याच्या खळग्यांत, भिंतीच्या कुशीत जाऊन बसतो. त्यासाठी त्याच्याकडे खास जनुकं आहेत, आणि ती... स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचं बोट वर झालं. राहिलं ते. उद्याच्या कणकेची चाळणी मात्र...