मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि प्रतिबंधक प्रतिजैविके
(सुवर्ण महोत्सवानिमित्त आसनगाव येथे दिलेले व्याख्यान)



 विषय काहीसा रुक्ष आहे. परंतु शहापूर-मुरबाड परिसरातून उपचारांसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या कुटुंबांना तो जवळचा वाटेल.

आपल्या देशात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला आणि १९७१ मध्ये वेल्लोर येथे त्यास यश लाभले. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण जंतुसंसर्गाने दगावण्याचे भय मात्र तेव्हापासून आहे. शरीर परके मूत्रपिंड नाकारते. ते टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम क्षीण करावी लागते. पाहुणा घरात राहावा म्हणून पहारेकऱ्यालाच गुंगी द्यावी, तशी ही गत. पहारा दुबळा असताना प्रतिजैविकांचा आधार घ्यावा लागतो, आणि तोही दोन प्रकारे.

पहिला काही तासांचा. चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात सेफाझोलिनसारखे औषध शिरेतून देतात, जेणेकरून सुरी लागण्याच्या क्षणी ते ऊतींत पोहोचलेले असावे. शस्त्रक्रिया लांबली तर सुमारे चार तासांनी पुन्हा मात्रा देतात आणि साधारणतः २४ तासांत ते थांबवतात. येथे नातेवाईक अस्वस्थ होतात. “डॉक्टरसाहेब, आणखी आठ दिवस चालू ठेवा ना!” मायेपोटी केलेली ही विनंती हितकर नाही. कारणाविना लांबवलेल्या औषधाने जखमेला अधिक संरक्षण मिळत नाही. उलट त्या औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. पुढे लघवीचा संसर्ग झाला, आणि प्रत्यारोपणानंतर तोच वारंवार आढळतो, तर हाताशी असलेली औषधे निष्प्रभ ठरतात.

दुसरा प्रकार महिनोन्‌महिन्यांचा. को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी, स्वस्त गोळी बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात. ती लघवीचा संसर्ग टाळते आणि न्यूमोसिस्टिस नावाच्या घातक न्यूमोनियापासूनही रक्षण करते. टॅक्रोलिमसची महागडी मात्रा सहसा कोणी चुकवत नाही. ही मात्र स्वस्त म्हणून क्षुल्लक वाटते आणि बरे वाटू लागताच बंद होते. मग कोरडा खोकला, ताप, धाप अशी लक्षणे आली तर आसनगावहून मुंबई गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. या गोळीने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये आणि शहाळ्याचे पाणीही विचारूनच घ्यावे. सल्फाची अॅलर्जी असल्यास ती आधीच सांगावी. पर्यायी औषधे आहेत.

आपल्या आचाराशी निगडित एक बाब आहे. को-ट्रायमॉक्साझोल दिवसातून एकदा घ्यायची असेल तर चौविहार पाळणाऱ्यास ती दिवसा घेता येते. सोबत पाणी मात्र भरपूर हवे. टॅक्रोलिमसचे तसे नाही. ते बहुधा दर १२ तासांनी घ्यावे लागते. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, त्यातून नवकारशीची ४८ मिनिटे वजा होतात. हिशेब जुळत नाही. दिवसातून एकदा घ्यावयाचे टॅक्रोलिमसही मिळते, पण तो बदल मनाने करू नये. यासंबंधी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी मोकळेपणाने बोलावे. चातुर्मासात ऐनवेळी नव्हे.

शेवटी औषध दुकानाविषयी. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके ‘एच-१’ अनुसूचीत आली असून, चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत व विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही ओळखीखातर गोळी मिळते, हे आपण सारेच जाणतो. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण इतके वाढू शकते की नव्या मूत्रपिंडासच इजा व्हावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनने ते इतके उतरते की शरीर मूत्रपिंड नाकारू लागावे. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि प्रत्यारोपण विभागाचा दूरध्वनी क्रमांक सदैव जवळ बाळगावा. साध्या तापासाठी गावातल्या डॉक्टरांकडे जातानाही तो कागद प्रथम त्यांच्यापुढे ठेवावा आणि नवे औषध सुरू करण्यापूर्वी मुंबईस एक दूरध्वनी करण्याची त्यांना विनंती करावी.