पत्त्यांची वही : एक अमानत
(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



पूर्वी घरोघरी पत्त्यांची एक वही असे. आखातात नोकरीला गेलेला मुलगा, मुंबईचे मामू, सासरी गेलेली बहीण, साऱ्यांचे पत्ते तिच्यात. ती वही आपण दारावरच्या अनोळखी फेरीवाल्याला दिली असती काय? आज तीच वही मोबाईलमध्ये आहे, आणि एक बटण दाबून आपण ती देऊन टाकतो.

यातील रीत समजून घ्या. नाव नोंदवताना कंपनी म्हणते, 'तुमचे मित्र इथे आहेत का, पाहू या.' आपण होकार देतो. ती सारे पत्ते उचलते आणि आपल्याच नावाने प्रत्येकाला ई-मेल धाडते : 'अमक्याने तुम्हांला फोटो पाठवले आहेत.' नाव ओळखीचे, म्हणून समोरचा विश्वासाने उघडतो. फोटो पाहायला त्यालाही नाव नोंदवावे लागते, आणि त्याचीही वही जाते.

अमेरिकेतील 'टॅग्ड' या संकेतस्थळाने अशा ६ कोटींहून अधिक फसव्या ई-मेल जगभर पाठवल्याचा आरोप २००९ साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क व टेक्सास राज्यांना मिळून साडेसात लाख डॉलर देऊन कंपनीने प्रकरण मिटवले. 'लिंक्डइन'वर २०१३ साली कॅलिफोर्नियात दावा झाला. निमंत्रणाला उत्तर आले नाही, तर सभासदाच्या नावाने आणखी दोन स्मरणपत्रे जात. त्यांना संमती कुठे होती, हा मुद्दा न्यायालयाने पुढे चालू दिला. २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

पण पैशाने सारे भरून निघत नाही. माझ्याही हातून असा होकार गेला होता. माझ्या नावाचे आमंत्रण एका दिवंगत मित्राच्या पत्त्यावर पोहोचले. ते भाभींनी उघडले. फोनवर त्या एवढेच म्हणाल्या, "त्यांना काय दाखवायचं होतं, भाईसाहेब?" मला उत्तर देता आले नाही.

हिजरतच्या वेळी पैगंबरसाहेबांनी (स.) लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अलींना मक्केत मागे ठेवले होते. त्या ठेवींत विरोधकांच्याही होत्या. दुसऱ्याचा पत्ता ही अशीच अमानत आहे. ती वाटण्याचा हक्क आपल्याला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, वडीलधाऱ्यांच्या मोबाईलवर होकार देणारे बोट बहुधा तुमचेच असते. म्हणून सांगतो : ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या संकेतस्थळाला देऊ नका. संपर्कयादी मागितली तर नकार द्या. पूर्वी दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या. ओळखीच्या नावाने विचित्र आमंत्रण आले, तर आधी फोन करून विचारा. चूक झालीच, तर पासवर्ड बदला आणि सर्वांना स्वतः कळवा. त्यात कमीपणा नाही.

आपले नाव हीच आपली अब्रू. ती परक्याच्या हाती देऊ नका. खुदा हाफिज.