खिडकी बदलायची आहे? मग आदल्या दिवशीचं काम आधी करा



आजचा भाग गावाकडे घर असणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे सोमवार ते शुक्रवार पुण्यात लॅपटॉपसमोर आणि शनिवार-रविवार वेल्ह्याला, अशी आपली जी पलटण आहे ना, तिच्यासाठी. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, घरच्या जुन्या खिडक्या काढून स्लायडिंग बसवतोय, पण घरात आजी आहे, लहान बाळ आहे, धुळीचं काय करायचं? तर आज फक्त धूळ. कुठली खिडकी चांगली, ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी, तो वाद आज नको.

आधी आपल्याकडची परिस्थिती बघू. तोरण्याच्या पायथ्याला, गुंजवणीच्या खोऱ्यात, पानशेतच्या वरच्या अंगाला पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. लाकडी खिडकी पावसात फुगते, नीट लागत नाही, झड आत येते. म्हणून पाडवा झाला की ७-८ जूनला मृग लागायच्या आत सगळ्यांची एकच घाई: कौलं बघा, पत्रे बघा, खिडक्या बघा. मिस्त्री एकच, घरं वीस. मग मिस्त्री म्हणतो "उद्या येतो", आणि खरंच उद्या येतो. आपली तयारी शून्य. ग्राइंडर सुरू होतो आणि दहा मिनिटांत देव्हाऱ्यापासून दाण्याच्या डब्यापर्यंत सगळं पांढरं.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: खिडकीच्या कामातली साफसफाई आदल्या दिवशी होते. धूळ एकदा घरभर पसरली की आपण ती फक्त इकडून तिकडे करत बसतो.

असं का, ते समजून घेऊ. थोडं गणित आहे, घाबरू नका.

डोळ्याला दिसते ती धूळ जाड असते, ती पटकन खाली बसते. त्रास देते ती न दिसणारी. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. वाळू-विटेचा १० मायक्रॉनचा कण शांत हवेत दोन मीटर खाली यायला चार-पाच मिनिटं घेतो. तोच कण १ मायक्रॉनचा असेल तर त्याला पाच-सहा तास लागतात! आणि हे कधी, तर हवा अजिबात हलत नसेल तेव्हा. कोणी दार उघडलं, पंखा लावला, केरसुणी फिरवली, की ते घड्याळ पुन्हा शून्यावर. सकाळी केलेल्या कामाची बारीक धूळ संध्याकाळी तुमच्या ताटावर का दिसते, याचं उत्तर हे आहे.

आता ही धूळ म्हणजे नुसता कचरा नाही. वाळू, वीट, सिमेंटचं प्लास्टर, काँक्रीट यांत सिलिका असते. ग्राइंडरनं कापलं की तिचा इतका बारीक भुगा होतो की तो फुप्फुसात खोलवर जातो. वर्षानुवर्षं असा भुगा श्वासात गेला तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे तुमच्या घरात एक दिवस काम झालं की सगळे आजारी पडणार का? नाही. पण दम्याच्या माणसाला त्याच दिवशी धाप लागू शकते. आणि मिस्त्री? त्याचा हा रोजचा दिवस आहे. त्यामुळे आजची तयारी जेवढी आजीसाठी, तेवढीच त्याच्यासाठी.

चला, कामाला लागू. चार टप्पे आहेत.

पहिला टप्पा, आठवडाभर आधी. मिस्त्रीशी बोलून घ्या. फोनवर नको, खिडकीसमोर उभं राहून. तीन प्रश्न विचारा. भिंत किती फोडावी लागेल? कापाकापी कुठे करणार? आणि एका दिवसात किती खिडक्या पूर्ण होतील? आम्ही सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करत नाही, तसंच इथे आहे. नवी चौकट अंगणात येऊन मापाला लावून बघितल्याशिवाय जुनी काढू द्यायची नाही. नाहीतर रात्रभर भिंतीला भोक, वरून वळवाचा पाऊस, आणि आपल्याकडे माकडं, वटवाघळं, साप आहेतच.

भिंत कशाची आहे तेही बघा. विटा-सिमेंटची असेल तर प्रश्न बारीक धुळीचा. जुनं घर मातीत बांधलेल्या दगडाचं असेल तर चौकट हलवली की टोपलीभर माती आत येते. तिथे खिडकीवरच्या लाकडावर वरच्या भिंतीचा भार असतो. ते लाकूड काढायचं का, आधार कुठे द्यायचा, हे जाणत्या मिस्त्रीनंच ठरवायचं. यूट्यूब बघून आपण ठरवायचं नाही. आणि खिडकीवर छपरीला जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर ग्राइंडर अजिबात चालवू देऊ नका. त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं. स्क्रू काढून अख्खा पत्रा उतरवायचा.

दुसरा टप्पा, आदला दिवस. हाच सगळ्यात महत्त्वाचा.

खोली रिकामी करा. जे उचलता येतं ते दुसऱ्या खोलीत न्या. पडदे, गाद्या, गोधड्या आधी हलवा, कारण कापडात बसलेली धूळ आठवडाभर निघत नाही. जे हलत नाही, म्हणजे कपाट, लोखंडी कॉट, भाताची कणगी, ते झाकायचं. कणगीवर आधी जुनी चादर, वरून प्लास्टिक, आणि कडेनं चिकटपट्टी. काम संपलं की दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढायचं, नाहीतर आत दमट होईल आणि वर्षाचा इंद्रायणी वाया जाईल.

पंखा बंद करा आणि त्याच्या बटणावर पट्टी लावा. गंमत नाही ही. उन्हाळ्याचे दिवस, कोणीतरी सवयीनं बटण दाबतंच. वायफायचा राउटर, टीव्ही, इन्व्हर्टर या खोलीत असतील तर बंद करून, प्लग काढून मगच झाका. चालू वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही, ती तापते. फ्रिज चालू ठेवायचा असेल तर तो त्या खोलीत नकोच.

आता दार. ज्या खोलीत काम आहे तिचं घरात उघडणारं दार प्लास्टिकनं बंद करायचं. वरून, बाजूनं पट्टी, आणि खाली फटीत ओलं गोणपाट. मिस्त्रीनं ये-जा बाहेरून करायची. बाहेरून वाट नसेल तर दाराला प्लास्टिकचे दोन पडदे एकमेकांवर चढवून लावा आणि आतबाहेर दोन्हीकडे ओलं गोणपाट अंथरा, म्हणजे पायाची धूळ तिथेच राहील. मातीच्या भिंतीला पट्टी चिकटत नाही, तिथे लाकडी पट्टी आणि चार खिळे.

स्वयंपाकाचं काय? काम चालू असताना चुलीजवळ, गॅसजवळ प्लास्टिक नको. आदल्या दिवशीच भाकऱ्या-चटणीची सोय करा, पिण्याचं पाणी भरून झाकून ठेवा. देव्हाऱ्यावर स्वच्छ कापड टाका. आणि सगळ्यात आधी ठरवा की आजी आणि बाळ दिवसभर कुठे असणार. आमच्या आजीला दमा आहे. ती आधी म्हणाली, "माझ्या घरातून मला कशाला घालवता?" मग चुलत्यांकडे वरच्या आळीला पाठवलं, तिथे तिचा दिवस गप्पांत गेला. पंप आणि औषधं मात्र सोबत दिली. तुम्हीही हे आदल्या रात्रीच पिशवीत भरा, सकाळच्या गडबडीत राहून जातं.

तिसरा टप्पा, कामाचा दिवस. सकाळी लवकर सुरू करा. एका वेळी एकच खोली. एक खिडकी पूर्ण बसली, फटी भरल्या, मगच दुसरी. कापाकापी सगळी अंगणात, आणि तीही वारा घराकडून बाहेर जात असेल त्या बाजूला. वाऱ्याची दिशा बघायला ॲप नको, चिमूटभर राख सोडा.

भिंत फोडायच्या आधी त्या जागी पाणी शिंपडा. छिन्नी-हातोडा वापरत असतील तर अधूनमधून पुन्हा शिंपडा, धूळ निम्मीही उडणार नाही. पण एक गोष्ट कानात तेल घालून ऐका: साध्या ग्राइंडरवर पाणी मारायचं नाही. शॉक बसेल, जीव जाईल. तिथे एकतर ग्राइंडर बाहेर न्यायचा, नाहीतर छिन्नी वापरायची. आणि मातीच्या भिंतीला पाणी बेतानं, ओल धरेल एवढं नको.

मास्क. रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही. एन-९५ घ्या. तो नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो. मिस्त्रीसाठी, त्याच्या हाताखालच्या पोरासाठी तुम्हीच आणून ठेवा. "दादा, हा घाला" असं म्हणून चहाबरोबर दिला तर घालतात, उपदेश केला तर खिशात जातो.

चौथा टप्पा, काम झाल्यावर. इथे आपला हात शिवशिवतो, केरसुणी कुठंय! थांबा. मघाचं गणित आठवा. राडारोडा पोत्यात भरून बाहेर काढा, नव्या खिडक्या उघड्या ठेवा, घरातलं दार मात्र बंदच, आणि तासभर खोलीत कोणी जाऊ नका. मग वरून खाली यायचं: आधी तुळया, पंख्याची पाती, मग भिंत, मग फरशी. सगळं ओल्या फडक्यानं, पाणी सारखं बदलत. जमीन शेणानं सारवलेली असेल तर पाणी शिंपडून हळूच गोळा करा आणि दुसऱ्या दिवशी सारवून घ्या. साधा व्हॅक्युम क्लीनर नको, बारीक धूळ तो मागून परत सोडतो. वस्तूंवरचं प्लास्टिक त्याच दिवशी काढू नका. रात्रभर धूळ बसू द्या, सकाळी प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत काढा आणि पुन्हा एकदा ओलं फडकं मारा. मगच आजीला घरी आणा.

शेवटी एक मुद्दा, जो कोणी सांगत नाही. जुन्या खिडकीचं लाकूड. आपल्याकडे ते सरळ बंबात जातं, नाहीतर चुलीत. त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर जाळू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं कितीही असू शकतं. ते लाकूड जाळलं की शिसं धुरात आणि राखेत येतं, आणि त्याच राखेनं आपण भांडी घासतो. लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक आहे. म्हणून हा रंग कोरडा घासायचा नाही, त्याचे पोपडे ओले करून गोळा करायचे आणि रंगवलेलं लाकूड चुलीपासून लांब ठेवायचं. चांगलं सागवान असेल तर गोठ्याला, मांडवाला, कुंपणाला वापरा.

एवढ्या सगळ्याला खर्च किती? प्लास्टिकचं बंडल, चार चिकटपट्ट्या, चार-पाच मास्क, घरातलीच गोणपाटं आणि एक शनिवार. नसरापूरला सगळं मिळतं. शनिवारी तयारी, रविवारी काम, सोमवारी सकाळी दुसरं फडकं मारून मग पुण्याची गाडी. त्या सोमवारची अर्धी सुट्टी टाकाच, ते दुसरं फडकं आईवर ढकलू नका.

तुमच्या गावाकडे घर झाकायची आणखी काही युक्ती असेल तर आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!