महीमातेची वाट



रावपुऱ्यातील आपल्या देवघरांत रोज कलश भरतात. बडोदे शहराच्या पाण्याचा मोठा वाटा उत्तरेकडून वाहणाऱ्या मही नदीचा आहे. ही नदी मध्यप्रदेशात, धार जिल्ह्यात, विंध्याच्या कुशीत उगम पावून प्रथम उत्तरेस जाते. राजस्थानातील वागड प्रांती वळून नैर्ऋत्येस गुजरातेत उतरते. म्हणूनच ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. वाटेत बेणेश्वरी सोम, जाखम व मही यांचा संगम होतो. तेथे माघी पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. सुमारे ५८३ किलोमीटर चालून ती खंबायतच्या आखातास मिळते.

जिच्या जलाने आपण देवास स्नान घालतो, तिच्याच पात्रात निर्माल्य टाकणे ही पूजा नव्हे. ते मातीस अर्पण करावे व नदी निर्मळ राखावी, हीच माझी प्रार्थना.