तीनशे तीन पुरुषांची शपथ

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

राजगादीची भांडणं आपण शाळेत भरपूर पाठ केली. मग आज आणखी एक कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण हे भांडण एका साध्या प्रश्नाभोवती फिरतं : मूल कोणाचं, हे कोणी सांगायचं?

काळ सहाव्या शतकाचा. आजचा फ्रान्स आणि त्याच्या आसपासच्या मुलखावर फ्रँक लोकांच्या मेरोविंजियन घराण्याचं राज्य होतं. राजा वारला की त्याचे मुलगे राज्य वाटून घेत. तूर शहराचा बिशप ग्रेगरी याच काळात होता आणि त्यानं हे सगळं लिहून ठेवलं. तो सांगतो की आईचं कूळ आता कोणी बघत नाही, राजापासून झालेला तो राजपुत्र. ऐकायला किती उदार वाटतं! दासीचा मुलगाही राजा होऊ शकतो. पण याची दुसरी बाजू बघा. आईचं कूळ पुसलं की उरतो एकटा बाप. त्यानं ‘माझा’ म्हटलं तर राजपुत्र, ‘नाही’ म्हटलं तर कोणीच नाही.

गुंडोवाल्डचं तेच झालं. लांब केस ही या राजघराण्याची खूण. त्याच्या आईनं मुलाचे केस राखले, त्याला शिकवलं आणि राजा चाइल्डबर्टकडे नेलं. म्हणाली, हा तुमच्या भावाचा, क्लोथारचा मुलगा, बाप याचा द्वेष करतो, तुम्ही सांभाळा. क्लोथारनं मुलाला बोलावून घेतलं, त्याचे केस कापायला लावले आणि सांगितलं, हा माझा नाही. संपलं! या बाईचं नावसुद्धा ग्रेगरीनं नोंदवलेलं नाही.

पुढे कॉन्स्टँटिनोपलला राहून आलेल्या गुंडोवाल्डनं राज्यात आपला वाटा मागितला. तेव्हा क्लोथारचा मुलगा राजा गुंट्राम म्हणाला, याचा बाप गिरणी चालवायचा, खरं सांगायचं तर लोकर पिंजायचा. त्यावर कोणीतरी टोला हाणला की मग याला एकाच वेळी दोन बाप होते म्हणायचे! सगळे हसले असतील. पण थट्टा कोणाची होत होती? त्या आईचीच.

५८५ साली कोमँजच्या वेढ्यात अडकलेला गुंडोवाल्ड म्हणाला, माझ्यावर विश्वास नसेल तर पॉइटियरच्या राडेगुंडला विचारा, तूरच्या इंगिट्रुडला विचारा. दोघीही मठवासी बायका. राडेगुंड तर एके काळी क्लोथारचीच राणी होती. घरातलं खरं बायकांना माहीत असतं, हे त्याला कळत होतं. त्यांना कोणी विचारल्याची नोंद नाही. तो मात्र दगाफटक्यानं मारला गेला.

आता दुसरी बाई, फ्रेडेगुंड. मूळची दासी, नंतर राजा चिल्पेरिकची राणी. ती काही गरीब गाय नव्हती. अनेक खुनांचे आरोप तिच्यावर आहेत, आणि ग्रेगरीचाही तिच्यावर रागच होता. तिला आदर्श मानायचं कारण नाही. ५८४ साली चिल्पेरिकचा खून झाला, तेव्हा तिचा मुलगा चार महिन्यांचा होता. तिनं पॅरिसच्या चर्चमध्ये आसरा घेतला आणि दीर गुंट्रामला बोलावलं. पोर हाच तिचा आधार होता. तो राजा ठरला तरच ती राजमाता, नाहीतर वाऱ्यावर.

गुंट्रामनं पुढे शंका काढली. बाप्तिस्मा तीनदा ठरला आणि तीनदा टळला, मूल मला दाखवत नाहीत, ते एखाद्या सरदाराचं असावं. मग फ्रेडेगुंडनं माणसं जमवली. तीन बिशप आणि तीनशे प्रतिष्ठित पुरुषांनी शपथ घेतली की मूल चिल्पेरिकचंच आहे. राजाचा संशय फिटला.

मैत्रिणींनो, या तीनशे तीन पुरुषांना काय माहीत होतं? माहीत असेल तर त्या एकटीला! तिच्या एका शब्दाला किंमत नाही, आणि ज्यांना माहीत असणं शक्यच नाही त्यांच्या शपथेला आहे. खरं तर ही शपथ मुलाच्या जन्माची नव्हतीच. ‘आम्ही याच्या बाजूला आहोत’ एवढंच ते पुरुष सांगत होते. सौदा सत्तेचा होता, पणाला लागली ती बाईची अब्रू.

आणि एक गोष्ट कोणाच्या नजरेतच येत नाही. चिल्पेरिकला लग्नाच्या वयाची मुलगी होती, रिगुंथ. पन्नास गाड्या भरून आंदण देऊन तिला स्पेनला सासरी पाठवलं होतं. बाप मेल्याची बातमी आली तेव्हा ती तुलूझपर्यंत पोचली होती. तिथे तिची संपत्ती लुटली गेली. ती चिल्पेरिकची मुलगी याबद्दल कोणी शंका घेतली नव्हती. पण गादीसाठी तिचा विचारही झाला नाही. संशयित मुलगा चालतो, निःसंशय मुलगी चालत नाही.

५९१ साली त्याच गुंट्रामनं मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं. तोच दुसरा क्लोथार. ६१३ साली त्यानं म्हाताऱ्या राणी ब्रुनहिल्डला हालहाल करून मारलं आणि साऱ्या फ्रँक राज्याचा तो एकटा धनी झाला. तेव्हा त्याचा बाप कोण, हे विचारायची कोणाची छाती होती? हाती सत्ता आल्यावर शंका विरून जाते. म्हणून बाईच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते तिथे आपण आधी विचारायला हवं, ही शंका कोणाच्या फायद्याची आहे?